एकोणचाळीस दात आणि आठ दात

पांढुर्ण्याहून सौंसर, सौंसरहून रामाकोना आणि पुढे सिलेवानीचा घाट चढून छिंदवाडा, ही वाट आमच्या घराला तोंडपाठ आहे. धाकट्या बहिणीचे सासर छिंदवाड्याचे. त्यामुळे राखी, भाऊबीज, कुणाचे बारसे, कुणाचे डोहाळेजेवण अशा निमित्तांनी वर्षातून चार-पाच खेपा ठरलेल्याच. वडिलांनी १९६९ साली घेतलेली स्टँडर्ड हेरल्ड मोटार या वाटेवर इतक्या वेळा गेली आहे की, वळणे तिला आमच्याहून अधिक ठाऊक असावीत. वडील गेले, पण गाडी राहिली. आईचा आग्रह असा की, लेकीकडे जायचे ते त्याच गाडीतून.

तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेची गोष्ट. दिवस कलत आला होता. घाटाच्या पहिल्या वळणापासूनच गाडीच्या मागच्या अंगाने एक हुंकार ऐकू येऊ लागला. वेग वाढवला की तो चढे, पाय सैल केला की सूर बदले. मागच्या आसनावर आई, शेजारी पत्नी. "आतून कुणी कण्हल्यासारखं वाटतं रे," आई म्हणाली. मी काही उत्तर देण्याआधीच 'कड्' असा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी मात्र जागची हलेना. हँडब्रेक ओढून धरला आणि पत्नीने उतरून चाकाखाली दगड लावले. संत्री उतरवून परतणाऱ्या एका टेंपोवाल्याने दोर बांधून आम्हांला सौंसरपर्यंत आणले. त्या भाऊबीजेचे ओवाळणे तिसऱ्या दिवशी झाले.

या प्रसंगाआधी महिनाभरच एका मोठ्या शहरातील कारखान्यात गाडीची मागची पेटी उघडून तिच्यात नवी बेअरिंगे घातली होती. काम एका दिवसात झाले आणि त्या झटपटीचे मला कौतुकही वाटले होते. मी जन्मभर शाळेत गणित शिकवले. पण त्या दिवशी "मोजमाप घेतले का?" एवढा साधा प्रश्न विचारायला मी विसरलो. पुढचे सारे त्या विसरण्याचे फळ.

बैलगाडी, आगगाडी आणि मोटारगाडी

या पेटीचे नाव डिफरन्शियल. आमच्याकडचे मिस्त्री तिला नुसते 'हौसिंग' म्हणतात. मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध ही लोखंडी पेटी बसते. ती काय करते हे समजण्यासाठी आपल्या ओळखीच्या तीन गाड्या पाहू.

बैलगाडीची दोन चाके आसावर सुटी फिरतात. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. त्यांत भांडण नाही, कारण ओढण्याचे काम बैलांचे. चाकांनी फक्त गडगडायचे. आगगाडीची गोष्ट वेगळी. तिची दोन्ही चाके आसाला पक्की जखडलेली असतात आणि एकाच वेगाने फिरतात. तरीही नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन २०१५ साली बंद होईपर्यंत सातपुड्यातील वळणे घेत सौंसरवरून वर्षानुवर्षे धावत होती. तिचे रहस्य चाकांच्या आकारात होते. आगगाडीच्या चाकाची कड किंचित उतरती, शंकूसारखी असते. वळणावर गाडी बाहेरच्या रुळाकडे सरकते, बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते आणि आतले लहान घेरावर. फेऱ्या तितक्याच, पण कापलेले अंतर निरनिराळे.

मोटारीला ही दोन्ही साधने नाहीत. तिच्या चाकांनाच गाडी ढकलायची असते, म्हणून ती सुटी ठेवता येत नाहीत, आणि रबरी चाकाला शंकूचा आकार देता येत नाही. हेरल्डच्या दोन चाकांत सुमारे सव्वा मीटर अंतर आहे. काटकोनात एक वळण घेतले की बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर अधिक चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. पडताळा हवा असल्यास घरातल्या मुलांनी कंपासने दोन वर्तुळे काढून पाहावे. दोन मीटर म्हणजे या गाडीच्या चाकाची एक फेरी आणि वर थोडे. ही जादा फेरी बाहेरच्या चाकाला मिळावी, आतल्याची कमी व्हावी, आणि तरीही दोघांना सारखाच जोर पोहोचावा, हे काम डिफरन्शियल करते.

फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी ही युक्ती योजली. पुढे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७ साली ती तीनचाकी सायकलीला बसवली. मोटारगाडी जन्मली तेव्हा हा शोध तिची वाटच पाहत होता. पेटीच्या पोटात चार लहान दातेरी चकल्या असतात. दोन चाकांच्या दांड्यांना जोडलेल्या, आणि दोन त्यांच्यामध्ये आडव्या. सरळ रस्त्यावर त्या एकमेकींना धरून स्तब्ध असतात आणि सारा गोळा एकत्र फिरतो. वळणावर मात्र आडव्या चकल्या स्वतःभोवती फिरू लागतात. एका बाजूला जेवढे जास्त द्यायचे तेवढेच दुसरीकडून काढून घ्यायचे, असा त्यांचा चोख हिशेब असतो.

या हिशेबाचा एक दोषही आहे. जोर दोन्ही चाकांना सारखाच मिळतो, म्हणून एक चाक चिखलात निसटले की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो, तेव्हा एक चाक भिंगरीसारखे फिरते आणि दुसरे स्वस्थ बसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यासाठीच ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकची कळ असते. ती दाबली की दोन्ही चाके काही वेळ एकमेकांना जखडली जातात.

दातांचे गणित

या पेटीचे आणखी एक काम आहे आणि आमच्या गोष्टीत तेच महत्त्वाचे. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, तो टेल-पिनियन. तो ज्या मोठ्या ताटासारख्या चाकाला फिरवतो त्याला क्राउन म्हणतात. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हे झाले अखेरचे प्रमाण. आमच्या हेरल्डच्या क्राउनला एकोणचाळीस दात आणि पिनियनला आठ. म्हणजे ४.८७५. सर्वांत वरच्या गिअरमध्ये दांडा जवळजवळ पाच वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार.

हे आकडे असे अडनिडे का, असा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी नक्की विचारला असता. चाळीस आणि आठ घेतले असते तर प्रमाण बरोबर पाच आले असते. पण मग पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या त्याच त्या पाच दातांना भेटत राहिला असता. एखाद्या दातात खोट असेल तर तिचा मार नेहमी त्याच जागी बसला असता. एकोणचाळीस आणि आठ यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दात पाळीपाळीने दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज साऱ्यांत वाटली जाते. शाळेत मसावि शिकवताना हे उदाहरण मला ठाऊक असते तर किती बरे झाले असते!

निरनिराळ्या गाड्यांचे हे प्रमाण पाहिले की त्यांचा स्वभाव कळतो. आपल्या भागात एके काळी सर्वत्र दिसणाऱ्या महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपला त्रेचाळीस आणि आठ दात, म्हणजे ५.३७५. ती धावायला मंद, पण चढणीला आणि ओझ्याला खंबीर. दुसरे टोक स्पोर्ट्स कारचे. गंमत अशी की, अशी एक स्पोर्ट्स कार आमच्या हेरल्डचीच सख्खी बहीण आहे. हेरल्ड इंग्लंडात १९५९ साली निघाली, तिचा आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती याने आखलेला. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे १९६१ पासून बनवली. याच हेरल्डच्या सांगाड्यावरून आणि याच मिकेलोत्तीच्या आखणीने १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार जन्मली, ती १९८० पर्यंत बनत होती. मागची पेटी दोघींची एकाच घडणीची, फक्त दात वेगळे. आरंभीच्या स्पिटफायरला सदतीस आणि नऊ, म्हणजे ४.११. पुढे ३.८९ झाले आणि शेवटच्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीत चाळीस आणि अकरा, म्हणजे ३.६३.

आमच्या गाडीचे एकोणचाळीस-आठ गेले ते गेलेच. पिनियनचे दोन दात मुळापासून तुटले होते आणि त्यांचे तुकडे क्राउनमध्ये भरडले गेले होते. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार केलेले असतात आणि त्यांवर जोडीचा एकच आकडा कोरलेला असतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन हा संसार चालत नाही. नागपुरात, भोपाळमध्ये, मद्रासच्या जुन्या बाजारात चौकशी केली, पण नवी जोडी कुठेच मिळेना. गाडी अंगणात कापडाखाली झाकून उभी राहिली. आई रोज तुळशीला पाणी घालताना तिच्याकडे पाही आणि काही बोलत नसे. ते न बोलणेच आम्हांला जड जाई.

तीन आकडे आणि एक वाद

इंग्लंडात नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याला हे कळले. त्याने तेथे मोडीत निघालेल्या स्पिटफायरच्या दोन पेट्या पाहून ठेवल्या. एक ४.११ ची, दुसरी ३.६३ ची. कायमचा परत येताना घरच्या सामानात त्यांतली एक आणणार होता. "काका, ३.६३ च घेऊ या," त्याने फोनवर सांगितले, "नागपूरचा रस्ता आता चौपदरी झाला आहे. गाडी पाण्यासारखी जाईल."

मी कागद घेऊन बसलो. हेरल्डचे चाक एका फेरीत सुमारे १.८ मीटर जाते असे धरले. इंजिनाच्या दर मिनिटाला हजार फेऱ्या होत असताना जुन्या प्रमाणाने वरच्या गिअरमध्ये गाडीचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर येतो. ४.११ ने तो २६ होतो, आणि ३.६३ ने जवळजवळ ३०. उलट बाजूने पाहू. ताशी ८० चा वेग राखायला जुन्या पेटीत इंजिनाला मिनिटाला ३,६०० फेऱ्या कराव्या लागत, ४.११ मध्ये ३,०५० पुरतील आणि ३.६३ मध्ये केवळ २,७००. म्हणजे आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही थोडे कमी. पुतण्याचे म्हणणे खोटे नव्हते.

पण वहीच्या दुसऱ्या बाजूलाही जमा-खर्च असतोच. त्याच प्रमाणात चाकापाशी पोहोचणारा जोर घटतो. ४.११ ने सुमारे सोळा टक्के, ३.६३ ने पंचवीस टक्के, आणि हे प्रत्येक गिअरमध्ये. स्पिटफायरला हे परवडते, कारण पहिल्या स्पिटफायरचे इंजिन ११४७ घनसेंटिमीटरचे आणि त्रेसष्ट अश्वशक्तीचे, तेही दोन माणसांसाठी. आमचे ९४८ घनसेंटिमीटरचे इंजिन त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक, सुमारे पस्तीस अश्वशक्तीचे. त्याने चार माणसे, लाडवांचे डबे आणि संत्र्यांची करंडी घेऊन सिलेवानी चढायचा.

पांढुर्ण्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. जीप, ट्रॅक्टर आणि ट्रकच्या पेट्या उघडण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. हेरल्ड मात्र त्यांच्या हाती क्वचित आलेली. माझा कागद त्यांनी नीट पाहिला, आकड्यांवर तेलाचे बोट फिरवले आणि आमच्या वऱ्हाडी बोलीत म्हणाले, "गुरुजी, तुमाले घाट चढाचा हाय का नागपूरले पळाचं हाय, थे पह्यले ठरवा. दोनी पाह्यजे असन त मधला घ्या. अन् पोराले सांगा, दात बदलल्यानं ताकद वाढत नाही. थे फक्त इकडची तिकडं होते."

माझे सारे गणित या दोन वाक्यांत आले. आम्ही ४.११ ठरवले. घाटात जिथे तिसरा गिअर पुरत असे तिथे आता दुसरा घालावा लागेल, हे मान्य करून ठरवले.

शेंदराची साक्ष

पेटी आली, पण तीही निर्दोष नव्हती. दात उत्तम, मात्र बेअरिंगे झिजलेली आणि ऑइल सील वाळून कडक झालेले. ती पुन्हा बांधल्याशिवाय बसवणे म्हणजे पहिली चूक दुसऱ्यांदा करणे. हेरल्डमध्ये ही पेटी गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असते आणि आडवा स्प्रिंगचा पाटा तिच्याच डोक्यावर आवळलेला असतो. म्हणून आधी पाट्याचा ताण उतरवून मग पेटी खाली घेतली. मिस्त्रींनी पहिला दिवस केवळ धुण्यात आणि पाहण्यात घालवला. आमची जुनी तुटकी पेटीही त्यांनी उघडली. मला वाटले होते की दोष तुटलेल्या दाताचा. ते म्हणाले, "दात त बिचारा बळी गेला. खोट बेअरिंगची हाय."

मग त्यांनी समजावून सांगितले. पिनियनचा दांडा दोन शंकूच्या आकाराच्या बेअरिंगांत फिरतो. ही बेअरिंगे नुसती बसवून चालत नाहीत. ती एकमेकांकडे किंचित दाबलेली असावी लागतात, जेणेकरून जोर आला तरी दांडा मागेपुढे सरकू नये. हा दाब बेअरिंगांमधल्या बारीक पत्त्या कमीजास्त करून आणतात. दाब कमी पडला तर पिनियन हलतो. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळते. आमच्या गाडीत नवी बेअरिंगे जुन्याच पत्त्यांवर बसवलेली होती. दांडा केसभर सैल होता. चढणीवर पूर्ण जोर आला की पिनियन सरके आणि दाताच्या साऱ्या अंगावर पसरायचा भार त्याच्या एका कोपऱ्यावर येई. तो हुंकार म्हणजे त्या कोपऱ्याची तक्रार होती. ती मी महिनाभर ऐकली आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

मिस्त्रींनी पिनियन बसवून नट आवळला, त्यावर दोरा गुंडाळला आणि दोऱ्याला तराजूचा काटा लावून हलकेच ओढले. दांडा फिरू लागताना काटा कुठे येतो हे पाहायचे, पुन्हा उघडायचे, पत्ती बदलायची, पुन्हा आवळायचे. असे सात वेळा झाले. मी मोजत होतो.

पुढची पायरी क्राउनची. क्राउन आणि पिनियन यांच्या दातांत थोडीशी फट हवी. अजिबात नसेल तर तेलाला जागा राहत नाही आणि तापल्यावर दात एकमेकांत रुततात. फार असेल तर प्रत्येक धक्क्याला दात दातावर आपटतो. या पेटीत ती फट ०.१० ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते, म्हणजे साधारण वहीच्या एका कागदाची जाडी. ती डायल गेज लावून मोजतात, आणि क्राउनच्या एकाच जागी नव्हे तर चारही बाजूंना.

यानंतर जे पाहिले ते मी विसरणार नाही. मिस्त्रींनी एका वाटीत शेंदूर घेतला, त्यात तेल कालवले आणि क्राउनच्या दातांवर कुंचल्याने पातळ लेप दिला. सौंसरजवळच्या जामसावळीला निजलेल्या मारुतीला जो वाहिला जातो, तोच हा रंग. कारखान्यांतून हे काम फार पूर्वीपासून शेंदराने होत आले आहे. तो शिशाचा आणि विषारी असल्याने हल्ली निळी पेस्ट वापरतात, आणि वापरावी हेच योग्य. मिस्त्रींनीही काम झाल्यावर साबणाने दोनदा हात धुतले. क्राउनला किंचित अडवून धरत त्यांनी पिनियन फिरवला. जिथे दात दाताला भेटला तिथला शेंदूर पुसला गेला आणि खालचे पोलाद चमकू लागले.

त्या ठशात सारी पेटीची कुंडली असते. ठसा दाताच्या माथ्यावर उमटला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे. त्याला आत घ्यावा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर तो फार आत गेला आहे, मागे घ्यावा. ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे गेला तर क्राउन पिनियनला फार बिलगला आहे, आणि बाहेरच्या टोकाकडे गेला तर फार लांब आहे. एक सुधारावे तर दुसरे बिघडते, म्हणून पुन्हा फट मोजावी लागते. पहिला ठसा माथ्यावर आला, दुसरा मुळाशी. चौथ्या खेपेला दाताच्या मध्यावर, दोन्ही टोके सोडून, लांबट बदामासारखा स्वच्छ ठसा उमटला. मिस्त्रींनी तो मला दाखवला आणि पहिल्यांदाच चहा मागवला.

या कामाला पाच दिवस लागले. मजुरी त्यांनी जी सांगितली ती शहरातल्या एका दिवसाच्या बिलापेक्षा कमी होती. ती मी तशीच दिली असती तर मला माझी लाज वाटली असती. त्यांचा मुलगा नागपुरात नोकरी करतो आणि त्याने हे काम शिकलेले नाही. नव्या मोटारींत बहुधा पुढचीच चाके गाडी ओढतात आणि तेथील डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते. बिघडल्यास सबंध भाग बदलण्याकडे कल असतो. शेंदराचा ठसा वाचणारे डोळे त्यामुळे कमी होत चालले आहेत. जीप आणि ट्रॅक्टर आहेत तोवर आमच्या भागात ते टिकतील, एवढीच आशा.

पेटी बसवल्यावरच्या चार गोष्टी

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे आणि जे असा बदल करू पाहतात, त्यांच्यासाठी अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली तेलाची. या पेटीतील दात एकमेकांवर लोळतात तसेच घसरतातही, कारण पिनियन क्राउनच्या मध्यापासून थोडा खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. पॅकार्ड कंपनीने १९२६ साली ती मोटारीत आणली. या घसरणीमुळे साध्या इंजिन ऑइलचा थर टिकत नाही. हायपॉइड गिअरसाठीचे नव्वद नंबरचे तेलच घालावे. हेरल्डला ते अर्ध्या लिटरहून थोडे जास्त लागते.

दुसरी, नवी पेटी पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवावी. पूर्ण ओझे, लांबलचक चढ आणि एकसारखा मोठा वेग टाळावा.

तिसरी फार महत्त्वाची. हेरल्डचा वेगदर्शक काटा गिअरबॉक्सवरून फिरतो. मागचे प्रमाण बदललेले त्याला कळत नाही. ४.८७५ चे ४.११ केल्यावर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी खरोखर एकाहत्तरच्या वेगाने जात असते. काटा दुरुस्त करून घेईपर्यंत मी काचेशेजारी खऱ्या वेगाचा तक्ता चिकटवला होता.

चौथी, जीपसारख्या चारही चाके ओढणाऱ्या गाडीत फक्त मागचे प्रमाण कधीही बदलू नये. पुढची आणि मागची चाके निरनिराळ्या वेगाने फिरू पाहतील आणि कुठेतरी काहीतरी तुटेल. बदलायचे तर दोन्ही पेट्या एकदमच बदलाव्यात.

पुन्हा घाट

पुढच्या राखीला आम्ही निघालो. पुतण्या परतला होता, त्यालाच चालवायला बसवले. सौंसरपर्यंतच्या सपाट रस्त्यावर गाडी इतकी शांत चालली की, आईला वाटले इंजिन बंद पडले. रामाकोना मागे पडले आणि घाट सुरू झाला. पूर्वी तिसऱ्या गिअरवर सहज निघणाऱ्या एका चढणीवर इंजिन धापा टाकू लागले. पुतण्याने तो गिअर रेटून पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्याने दुसरा गिअर घातला. मागून एक बस भोंगा वाजवत पुढे गेली, मग एक ट्रकही गेला. गाडी मात्र एका लयीत चढत राहिली. मागून हुंकार नाही, कण्हणे नाही. मी कान देऊन ऐकत होतो. रेडिओ लावलाच नव्हता.

जिथे गाडी बंद पडली होती ती जागा आईने बरोबर ओळखली. "इथंच ना रे?" तिने विचारले. मी होय म्हणालो. थोडा वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सावकाश चालव, बाळा. पोचायचंच आहे आपल्याला."

पाच वाजता आम्ही छिंदवाड्याला पोचलो. बहीण दारात उभी होती.